शब्दचर्चा: माणूस मध्ये नसताना ॲप ओळख पटवतं, त्याला काय म्हणायचं?

शाईचा डाग:
प्रोग्रॅमरांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचं मराठी करतोय आणि एका प्रकरणाशी आठवडाभर अडून बसलोय. विषय असा. एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या वेब एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रॅमांसाठीच्या खिडकीकडे, डेटा मागतो, तोही रात्री दोन वाजता. लॉगिन करायला कोणी नाही, 'परवानगी द्या' हे बटण दाबायला कोणी नाही. प्रोग्रॅमने स्वतःचा आयडी आणि गुपित दाखवून टोकन, म्हणजे प्रवेशाची तात्पुरती चिठ्ठी, घ्यायचं आणि त्या टोकनावर काम उरकायचं. ॲपना प्रवेश कसा द्यायचा हे ठरवणाऱ्या ओऑथ २.० या मानकात या पद्धतीचं नाव आहे 'क्लायंट क्रेडेन्शियल्स ग्रँट'. मशीन भाषांतराने मला दिलं 'ग्राहक ओळखपत्र अनुदान'. हसून झालं. माझं शीर्षक सध्या असं आहे: 'वापरकर्त्याच्या सहभागाविना अनुप्रयोगांचे अधिप्रमाणन'. वाचल्यावर मलाच झोप येते. काही सुचवा.

कोशकीटक:
'अनुप्रयोग' हिंदीतून आलाय. मराठी परिभाषेत 'उपयोजन' आहे, पण ते कोणी बोलत नाही, तेव्हा 'ॲप' लिहा आणि मोकळे व्हा. 'अधिप्रमाणन' मात्र सहजी टाकू नका. अनेक जण त्याच्या जागी 'प्रमाणीकरण' लिहितात आणि तिथे घोटाळा होतो. आपण 'भाषेचं प्रमाणीकरण' म्हणतो तेव्हा सगळ्यांसाठी एक ठरीव रूप पक्कं करणं अभिप्रेत असतं. 'प्रमाणन' म्हटलं की कोणीतरी दाखला देतंय असं वाटतं. 'समोरचा जो म्हणवतो तोच आहे' ही खात्री या दोन्हींत येत नाही. अर्थात 'अधिप्रमाणन'मध्ये ती येते म्हणावं, तर तेही कोशाबाहेर फारसं भेटत नाही.

रोजच्या मराठीत याला 'ओळख पटवणे' असा चांगला प्रयोग आहे. त्याची गंमत अशी, की यातली दोन कामं दोन क्रियापदांत आपोआप वेगळी होतात. ॲप ओळख *पटवतं*, सर्व्हरला ती *पटते*. इंग्रजीत ॲपही 'ऑथेंटिकेट' होतं आणि सर्व्हरही ॲपला 'ऑथेंटिकेट' करतो, मग वाचणारा 'कोण कोणाला?' म्हणत बसतो. आपल्याकडे हा प्रश्नच उरत नाही.

'क्लायंट' म्हणजे इथे डेटा मागणारं ॲप; त्याला 'अशील' करू नका, एवढी हात जोडून विनंती.

शाईचा डाग:
'ओळख पटवणे' घेतलं. आता 'अधिकृत करणे' त्याच्यापासून वेगळं कसं ठेवू? मूळ मजकुरातच दोन्ही मिसळलेत.

रात्रपाळी:
मजकुराचा दोष नाही, वेबचाच आहे. एचटीटीपी, म्हणजे वेबवर मागणी-उत्तरांची जी रीत आहे, तिच्यातला ४०१ हा उत्तर-क्रमांक घ्या. नाव 'अनऑथराइज्ड', अर्थ मात्र 'तुझी ओळख पटलेली नाही'. 'ओळख पटली, पण तुला हे मिळणार नाही' असं सांगायला ४०३ आहे. आणि ओळखीचा पुरावा मागणीच्या माथ्यावरच्या ज्या नोंदीतून, म्हणजे हेडरमधून, जातो त्याचं नाव 'ऑथरायझेशन'! मराठीत '४०१: ओळख पटली नाही' आणि '४०३: मनाई' असं लिहा. मुळापेक्षा भाषांतर अचूक करायची संधी रोज मिळत नाही.

माणसाशिवाय ओळख कशाला लागते, हेही प्रकरणात आधी येऊ द्या, नाहीतर शब्द हवेत राहतील. आमच्याकडे रात्रीचं एक काम एका सहकाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनवर चालायचं. पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये, उघडा. तो नोकरी सोडून गेला, रीतसर त्याचं खातं बंद झालं, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दोन रात्रींचे अहवाल निघालेलेच नाहीत. नोंदी चाळल्या तर सगळीकडे त्याचंच नाव. माणूस घरी झोपलेला आणि लॉग म्हणतो, याने पहाटे हजारो रेकॉर्ड उघडले. ॲपला स्वतःची ओळख द्यायची ती यासाठी.

तिरकी मात्रा:
एवढी शोधाशोध कशाला? 'परस्पर'! 'मला न विचारता त्याने परस्पर ठरवलं.' माणूस मध्ये नाही, काम झालं. 'परस्पर ओळख पटवणे'.

शाईचा डाग:
वा! झोप उडाली.

कोशकीटक:
माझी उडाली ती वेगळ्या कारणाने. 'परस्पर'चे दोन अर्थ आहेत आणि इथे दोन्ही एकाच खोलीत येऊन बसणार. संस्कृतातला 'एकमेकांना' आणि मराठीने घडवलेला 'मधल्याला वगळून'. याच प्रकरणात पुढे म्युच्युअल टीएलएस हा सुरक्षित जोडणीचा प्रकार येईलच. त्यात सर्व्हरचं प्रमाणपत्र क्लायंट तपासतो आणि क्लायंटचं सर्व्हर. त्यालाही कोणीही 'परस्पर ओळख' असंच म्हणेल. म्हणजे पान दहावर 'परस्पर' म्हणजे माणसाला वगळून आणि पान चौदावर 'परस्पर' म्हणजे दोघांनी एकमेकांना. शिवाय म्युच्युअल टीएलएससुद्धा बहुतेक वेळा माणसाला वगळूनच चालतं!

दुसरा अर्थ हवाच असेल तर 'परभारे' आहे. 'तो घरी न येता परभारे गेला.' त्यात 'एकमेकांना'ची भेसळ नाही.

तिरकी मात्रा:
'परभारे' आता आजीच्या पिढीबरोबर चाललंय. तरुण प्रोग्रॅमर त्याला आडनाव समजेल. म्युच्युअलला 'दुतर्फा' म्हणा, भांडण मिटलं.

रात्रपाळी:
'दुतर्फा' आवडलं. 'परस्पर'बद्दल माझी हरकत निराळी आहे. त्यात तक्रारीचा सूर आहे. 'परस्पर पैसे काढले' म्हटलं की पोलिसात जावंसं वाटतं.

तिरकी मात्रा:
नेहमीच नाही. 'रक्कम परस्पर खात्यात जमा होईल' यात कुठे तक्रार आहे? ज्याला वगळलं त्याची त्याला हरकत आहे की नाही, यावर सूर ठरतो.

रात्रपाळी:
तुम्ही नकळत नेमक्या जागी बोट ठेवलंत. ओऑथ २.० चं मूळ दस्तऐवज म्हणजे ऑक्टोबर २०१२ मधलं आरएफसी ६७४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकवार मालिका). त्याच्या ४.४ कलमात या पद्धतीचे दोन प्रसंग सांगितलेत. एक, ॲप स्वतःच्या ताब्यातल्या गोष्टी मागतंय. दोन, गोष्टी दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत, पण त्याबद्दल टोकन देणाऱ्या सर्व्हरशी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. पहिल्या प्रसंगात 'परस्पर' लागूच होत नाही, कारण वगळायला मध्ये कोणी नव्हतंच. स्वतःची पेटी उघडायला परस्पर कशाला म्हणायचं? दुसऱ्यात मात्र 'परस्पर' चपखल बसतं, आणि त्यातला तो किंचित संशयही रास्त आहे. आधीची संमती कोणी दिली, कशासाठी दिली, हे तपासायलाच हवं.

शाईचा डाग:
म्हणजे एका शब्दात भागणार नाही?

कोशकीटक:
दस्तऐवजांच्या मराठीत यावर तयार उत्तर आहे: 'स्वतःकरिता' आणि 'तर्फे'. खरेदीखतात माणूस सही करतो ती एक तर स्वतःकरिता, नाहीतर कोणातर्फे कुलमुखत्यार म्हणून. वापरकर्ता लॉगिन करून संमती देतो आणि मग ॲप त्याचा डेटा आणतं, ती ओऑथची नेहमीची पद्धत म्हणजे मुखत्यारी. ॲप वापरकर्त्यातर्फे बोलतं. तुमच्या प्रकरणात ॲप स्वतःकरिता बोलतं. 'वापरकर्त्याच्या सहभागाविना' या शब्दांत काय *नाही* तेवढंच कळतं. 'स्वतःकरिता' म्हटलं की काय *आहे* ते कळतं.

रात्रपाळी:
हे तंत्राशीही जुळतं. जेडब्ल्यूटी या नोंदी भरून सही केलेल्या प्रकारच्या टोकनात 'सब' नावाची नोंद असते, म्हणजे हे टोकन कोणाविषयी आहे ती. ऑक्टोबर २०२१ चं आरएफसी ९०६८ सांगतं की मध्ये मालक माणूस नसेल, तर तिथे ॲपचीच ओळख असावी. 'स्वतःकरिता' हेच झालं. यात एक धोकाही आहे. ॲपला स्वतःचा आयडी निवडू दिला आणि तो एखाद्या वापरकर्त्याच्या आयडीशी तंतोतंत जुळला, तर एपीआय ॲपलाच माणूस समजेल. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये याचा इशारा आहे. यासाठी मराठीत शब्द शोधावा लागत नाही: तोतया.

शाईचा डाग:
छान. 'कॉन्फिडेन्शियल क्लायंट'चं मी 'गोपनीय क्लायंट' केलंय. बरोबर?

कोशकीटक:
नाही. गोपनीय म्हणजे जो लपवायचा तो. इथे क्लायंट लपवायचा नाहीये, त्याला गुपित राखता येतं एवढंच म्हणायचंय. 'गुपित राखणारा क्लायंट' आणि त्याच्या उलट 'गुपित न राखू शकणारा'.

तिरकी मात्रा:
म्हणजे ज्याच्या तोंडात तीळ भिजतो आणि ज्याच्या भिजत नाही. मार्गदर्शिकेत हेच लिहा, मी पैसे देऊन विकत घेईन.

रात्रपाळी:
तळटीपेत तरी घालाच. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट आणि मोबाइलवरचं ॲप ही दुसऱ्या जातीची. त्यांच्यात ठेवलेलं गुपित कोणीही उकरून काढतो. ही पद्धत त्यांना वर्ज्यच आहे. आणि बेस६४ मध्ये लिहिलं म्हणजे गुपित झालं असं नाही, ती फक्त लिहिण्याची तऱ्हा आहे. हे वाक्य ठळक करा, कारण हा समज मी दर वर्षी नव्याने खोडतो.

शाईचा डाग:
'बेअरर टोकन'ला 'धारक टोकन' म्हणू?

कोशकीटक:
म्हणा. जवळ बाळगणारा तो धारक, तो मूळचा मालक असेलच असं नाही.

तिरकी मात्रा:
ज्याच्या हाती ससा तो पारधी.

रात्रपाळी:
अगदी तसंच. चोराच्या हाती टोकन गेलं तर एपीआयच्या लेखी पारधी तोच. म्हणून मुदत तोकडी ठेवतात, एक तास पुष्कळ ठिकाणी दिसतो. मुदत संपेपर्यंत तेच टोकन वापरायचं, दर हाकेला नवं मागत सुटायचं नाही. आणि या पद्धतीत 'रिफ्रेश टोकन' सहसा देत नाहीत. मूळ गुपित ॲपकडे आहेच, मग नव्या टोकनासाठी आणखी एक चिठ्ठी कशाला? ससा पारध्याला बांधून ठेवायची सोयही आहे: आरएफसी ८७०५ मध्ये टोकन क्लायंटच्या प्रमाणपत्राशी जोडलं जातं, मग नुसतं टोकन चोरून भागत नाही.

शाईचा डाग:
'ग्रँट'चं काय करू? 'अनुदान' तर गेलं.

कोशकीटक:
वगळा. ग्रँट म्हणजे मालकाने दिलेली मान्यता, आणि इथे देणारा हजरच नाही. नावात राहिलाय तो साच्याचा अवशेष आहे. 'पद्धत' लिहिलंत तरी कोणाचं काही अडणार नाही.

शाईचा डाग:
शीर्षक बदललं: 'ॲपने स्वतःकरिता ओळख पटवणे'. पहिलं वाक्य: 'या पद्धतीत ॲप कोणा वापरकर्त्यातर्फे नव्हे, तर स्वतःकरिता बोलतं, आपला आयडी आणि गुपित देऊन ते ओळख पटवतं आणि टोकन घेतं.' चालेल?

रात्रपाळी:
'गुपित देऊन' खटकतं. साध्या पद्धतीत ते खरंच पाठवलं जातं, पण आरएफसी ७५२३ च्या पद्धतीत ॲप आपल्या प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त स्वतःपाशी ठेवलेल्या किल्लीने, सही केलेला जेडब्ल्यूटी पाठवतं. ती किल्ली जागची हलत नाही. आणि पुढच्याच पानावर तुम्ही 'गुपित कोणाला देऊ नका' असं लिहिणार आहात.

शाईचा डाग:
'आपलं गुपित आपल्यापाशी असल्याचं दाखवून'?

कोशकीटक:
हं. आता दोन्हीकडे चालेल.