डोक्याला मार लागल्यावरची चक्कर आणि अंधाऱ्या खोलीचे पुरस्कर्ते

काठावरचा
परवा इथेच एकाने ठणकावून लिहिलं: "डोक्याला मार लागून चक्कर येत असेल तर महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा, मान हलवू नका, चक्कर थांबवायच्या गोळ्या चालू ठेवा." खाली धन्यवादांची रांग. तिथे उत्तर देऊन भागेना, म्हणून हा धागा.

पहिले एक-दोन दिवस आराम, कबूल. पुढे अंधारी खोली कशाला? खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींवर २०२२ साली ॲमस्टरडॅमला तज्ज्ञ जमले, त्यांचंही म्हणणं हेच: २४ ते ४८ तास बेताचा आराम, मग झेपेल तशी हालचाल वाढवायची.

आणि कोणती चक्कर? कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, ती बहुतेकदा कानातली. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. दणक्याने ते सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. त्यांना जागेवर नेणारी गोळी अजून निघालेली नाही. डिक्स-हॉलपाइक चाचणीने, म्हणजे डोकं एका बाजूला वळवून झटकन आडवं करून, कोणता कान ते ओळखायचं, एप्लीच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवायचं, खडे नळीबाहेर. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा रक्तदाबाची. गर्दीत किंवा मोबाइलचा पडदा सरकवताना झोक जातो, तो प्रकार तिसराच. शिवाय आखडलेली मान, अर्धशिशी. सगळ्यांना एकच खोली?

कानाकडून चुकीची खबर येत असेल तर मेंदू ती हळूहळू जुळवून घेतो, पण डोकं हललंच नाही तर जुळवणार काय? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी मुद्दाम चक्कर आणणारे व्यायाम बसवले. माझ्या अपघातानंतर मलाही अंगठ्यावर नजर रोखून मान हलवायला लावली होती. सुरुवातीला मळमळायचं, शिव्याही घातल्या. पण रस्ता ओलांडायला लागलो तो त्यानेच.

जुना खांब
तो "एकाने" म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका. मोडलेल्या पायावर कुणी पळायला सांगतं का? माझे सासरे बाथरूममध्ये पडले, डोकं आपटलं. दुसऱ्या दिवसापासून "हिंडते-फिरते राहा" म्हणणारे तुमच्यासारखेच जमले. काही आठवड्यांनी बोलणं अडखळायला लागलं. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलं होतं. झाला तुमचा व्यायाम.

काठावरचा
पाय मोडला तर प्लास्टर काढल्यावर चालायलाच लावतात. सासऱ्यांचं वाईट झालं, पण ते रक्त हिंडल्यामुळे साचलं हे कुणी सांगितलं? वय झालेल्यांना, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, हे आठवड्यांनीही होतं, पडून राहिलं तरी होतं. डोकेदुखी वाढत जाणं, सारखी उलटी, गुंगी, एका बाजूची ताकद जाणं, झटका, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव: यातलं काहीही दिसलं की व्यायाम नाही आणि अंधारी खोलीही नाही, थेट रुग्णालय.

शंकाखोर
सीटी स्कॅनबद्दल कुणी बोलेल का? माझा "नॉर्मल" आला आणि त्याच दिवसापासून मी ऑफिसात ढोंगी ठरलो. खुर्चीला धरून उभा राहायचो तर साहेब म्हणायचे, रिपोर्ट तर स्वच्छ आहे. घरचेही तसेच.

हातोडा
स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर बघायला असतो. कानातले खडे त्यात दिसत नाहीत. साहेबांना एकदा डिक्स-हॉलपाइकच्या वेळी समोर उभं करा, तुमचे डोळे कसे उडतात ते बघतील.

आज्जीचा नातू
गोळ्यांबद्दल लिहितो. आजी पडली, चक्कर आली, सिनारिझिन सुरू झालं आणि कुणी बंदच केलं नाही. हात थरथरू लागले, चाल मंदावली, सगळे म्हणाले वय झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बंद केल्यावर थरथर बरीच कमी झाली. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही थोड्या दिवसांची औषधं, महिनोन्‌महिने घ्यायची नाहीत. मनाने बंद करू नका, पण "किती दिवस?" हे विचारा तरी.

रातराणी
एप्लीचं एवढं कौतुक, पण त्यानंतर दोन रात्री बसून झोपायचं असतं हे कुणीच लिहिलं नाही! मी आरामखुर्चीत झोपले, मानेला पट्टा लावून. खडे परत सुटू नयेत म्हणून.

हातोडा
ते जुनं झालं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७ च्या सूचनांत स्पष्ट आहे, एप्लीनंतर अशी बंधनं घालू नयेत.

रातराणी
माझ्या डॉक्टरांचं आयुष्य गेलंय यात. आणि मला गुण आला.

हातोडा
गुण एप्लीने आला, खुर्चीने नाही. आडव्या झोपला असतात तरी आला असता.

रातराणी
तुम्ही होतात का तिथे? चक्कर पुन्हा येईल या धास्तीने माणूस काय काय करतो ते पुस्तकात नसतं.

शंकाखोर
मलाही बसून झोपायला सांगितलं होतं. सकाळी चक्कर नव्हती, मान मात्र अशी धरली की त्यानेच झोक जायला लागला. नवीन डॉक्टर, नवीन पट्टा.

जुना खांब
वा. म्हणजे मी महिनाभर झोपा म्हटलं तर मूर्ख, आणि हे बसून झोपा म्हणाले तर शास्त्र.

हातोडा
दोन्ही नको म्हणतोय मी! ही पद्धत काढणाऱ्या डॉक्टर एप्लींचीही सहकाऱ्यांनी टर उडवली होती. पद्धत वैद्यकीय नियतकालिकात छापून यायला १९९२ उजाडलं. डॉक्टर म्हणाले म्हणजे संपलं, असं नसतं.

रातराणी
म्हणजे तेव्हा डॉक्टर चुकले होते आणि आता तुमचे सूचनावाले बरोबर. सोयीचं आहे.

काठावरचा
खुर्चीसाठी वेगळा धागा काढा. मूळ मुद्दा राहिला.

जुना खांब
बरं, "महिनाभर" कापतो, दोन दिवस करतो. झालं समाधान? पण चक्कर पूर्ण थांबेपर्यंत गाडी, शिडी आणि खेळ बंद, यावर मी हटणार नाही. त्यातच पुन्हा डोक्यावर पडलात तर कुठलाही अंगठा कामाला येणार नाही.

काठावरचा
यावर वाद घातलाय कुणी? आजवर तुम्ही लिहिलेलं पहिलं बरोबर वाक्य.

रातराणी
ठीक आहे, पुढच्या वेळी झोपते आडवी. गरगरलं तर रात्री दोन वाजता हातोडा यांना इथेच उठवीन.

हातोडा
उठवा. फक्त कोणत्या कुशीवर वळल्यावर जास्त गरगरलं ते लिहा, बहुतेक वेळा तोच कान असतो.