सर्व फाईलींच्या नावांच्या शेवटी चार अनोळखी अक्षरे लागली आहेत. ध्वनिमुद्रणे वाचवण्यासाठी मदत हवी आहे

ओवीवाचक

नमस्कार. भोर तालुक्यातल्या गावांत जाऊन वयस्क बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी काही वर्षांपासून करते आहे. ही ध्वनिमुद्रणे, त्यांवरून उतरवून घेतलेल्या ओव्यांच्या वर्डमधील फाईली आणि गाणाऱ्या बायकांची छायाचित्रे हा सगळा ऐवज घरातल्या एकाच संगणकावर आहे. संगणकावर विंडोज १० आहे.

या आठवड्यात माझ्या पुतण्याने ध्वनिमुद्रणातली खरखर काढण्यासाठी एका महागड्या सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी प्रत उतरवून बसवली. ती बसवताना विंडोज अपडेट चालू असल्यासारखी एक खिडकी टक्केवारीसह बराच वेळ दिसत राहिली, संगणक अतिशय मंद झाला, आणि ती खिडकी गेल्यावर पाहिले तर प्रत्येक फाईलचे चिन्ह पांढरे झालेले होते व नावाच्या शेवटी चार इंग्रजी अक्षरे वाढलेली होती. ती अक्षरे खोडून नाव पूर्ववत केले तरी फाईल उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक मजकूर फाईल आली असून तीत सर्व फाईली कूटबद्ध केल्याचे, त्या सोडवण्यासाठी ९९९ डॉलर आणि पहिल्या ७२ तासांत संपर्क साधल्यास ४९९ डॉलर लागतील असे लिहिले आहे. पुरावा म्हणून एक फाईल फुकट सोडवून देण्याची तयारीही त्यांनी दाखवली आहे.

चमत्कारिक गोष्ट अशी की संगणक बाकी सुरळीत चालतो, वर्तमानपत्रांची संकेतस्थळे उघडतात, पण अँटिव्हायरस कंपन्यांची पाने मात्र उघडत नाहीत. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात विचारले तेव्हा "फॉरमॅट मारला की व्हायरस जाईल, फाईली विसरा" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका गृहस्थांनी पाच हजारांत सगळे उघडून देतो असे सांगितले आहे.

ज्यांच्या ओव्या यात आहेत त्यांतल्या काही जणी आता हयात नाहीत, त्यामुळे पुन्हा जाऊन ध्वनिमुद्रण करणे शक्य नाही. हा नेमका कोणता प्रकार आहे, फॉरमॅट करावे की नाही, आणि माझ्याकडे जी जुनी बाह्य हार्ड डिस्क आहे तिच्यात काही प्रती शिल्लक आहेत का हे तपासण्यासाठी ती या संगणकाला जोडली तर चालेल का, हे कृपया सांगावे.

विदाविहारी

ताई, सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते तातडीचे आहे: ती हार्ड डिस्क या संगणकाला अजिबात जोडू नका. तुमच्या वर्णनावरून हे 'स्टॉप' अथवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर, म्हणजे फाईली बंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, दिसते. ते विंडोजमध्ये दर काही मिनिटांनी स्वतःला पुन्हा चालवणारे एक नियोजित काम पेरून ठेवते, त्यामुळे नंतर जोडलेली डिस्क किंवा पेन ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडते. इंटरनेटची तार काढा किंवा वायफाय बंद करा. बाह्य डिस्क दुसऱ्या निरोगी संगणकावर तपासा.

फॉरमॅट आत्ता करू नका, 'रीडमी' फाईल पुसू नका, आणि फाईलींची नावेही आता बदलू नका. पुढील माहिती द्या: त्या 'रीडमी'च्या तळाशी जो वैयक्तिक क्रमांक दिला आहे त्याची शेवटची दोन अक्षरे 'टी१' आहेत की दुसरी कोणती? तोच क्रमांक सी ड्राइव्हवरील 'सिस्टमआयडी' फोल्डरमध्ये 'पर्सनलआयडी' या फाईलमध्येही असतो आणि तिथे कधी कधी एकाहून अधिक क्रमांक सापडतात, म्हणून तीही पाहा. दुसरे, ध्वनिमुद्रणे कोणत्या स्वरूपात आहेत आणि एकेक फाईल साधारण केवढी आहे?

दमडी

मी कटू बोलतो म्हणून राग मानू नये. ४९९ डॉलर म्हणजे चाळीस हजारांहून थोडे अधिक रुपये होतात. जे पुन्हा मिळणारच नाही त्यासाठी ही रक्कम मोठी नाही. एक फाईल फुकट सोडवून देतात म्हणजे किल्ली त्यांच्याकडे आहे हे उघड आहे. ७२ तास उलटण्याआधी निर्णय घ्यावा असे माझे मत आहे.

ओवीवाचक

विदाविहारी, तुमचे आभार. इंटरनेट बंद केले आहे. 'पर्सनलआयडी'मध्ये एकच क्रमांक आहे आणि त्याच्या शेवटी इतर कसलीतरी अक्षरे आहेत. ध्वनिमुद्रणे हातात धरण्याच्या रेकॉर्डरवर 'वेव्ह' स्वरूपात केलेली असून त्यांतील बहुतेक स्टिरिओ आहेत. अर्ध्या तासाची फाईल सुमारे ३०० एमबी भरते. वर्डच्या फाईली अगदी लहान, वीस-तीस केबीच्या आहेत. दमडी यांचे म्हणणे मलाही पटू लागले होते, म्हणून त्याबद्दलही इतरांनी लिहावे.

विदाविहारी

क्रमांकाच्या शेवटी 'टी' आणि '१' असते, तर तुमच्या फाईली या रॅन्समवेअरच्या पोटातच ठेवलेल्या ठरावीक किल्लीने बंद झाल्या आहेत असा अर्थ झाला असता. तशा किल्ल्यांपैकी काही संशोधकांच्या हाती लागलेल्या आहेत आणि एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये काढलेले मोफत साधन त्यांवर चालते. तुमच्या बाबतीत मात्र संगणक त्या वेळी इंटरनेटला जोडलेला होता, त्यामुळे चोरांच्या सर्व्हरवरून केवळ तुमच्यासाठी तयार झालेली किल्ली वापरली गेली आहे. २०४८ बिटांच्या आरएसए या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने राखलेली ही किल्ली आज कोणत्याही दुकानदाराला फोडता येणार नाही. पाच हजारांत उघडून देतो म्हणणारे गृहस्थ एक तर तुमचे पैसे घेऊन गप्प बसतील, नाही तर तुमच्या अपरोक्ष चोरांशीच सौदा करायला जातील.

आता चांगली बातमी, आणि ती तुमच्या दृष्टीने फार मोठी आहे. डीजेव्हीयूला घाई असते. पकडले जाण्याआधी हजारो फाईली उरकायच्या असल्याने ते प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी एवढाच भाग कूटबद्ध करते आणि पुढच्या भागाला हात लावत नाही. तीस केबीची वर्डची फाईल त्यात पूर्ण बुडते. तुमच्या ३०० एमबीच्या ध्वनिमुद्रणाचे काय झाले ते मात्र मोजून पाहा: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिट, स्टिरिओ या मापाने एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे १५० केबी हा पूर्ण एक सेकंदसुद्धा भरत नाही. अर्ध्या तासाच्या ध्वनिमुद्रणातला सुरुवातीचा एक सेकंद गेला आहे, आणि त्याच तुकड्यात फाईलचे शीर्ष, म्हणजे ती कशी वाचायची हे सांगणारा भाग, असल्यामुळे कोणतेही सॉफ्टवेअर तिला ओळखत नाही, एवढेच घडले आहे. दुकानदाराचे ऐकून फॉरमॅट केले असते, तर चोरांनी न केलेले नुकसान आपल्या हातून झाले असते.

काम पुढील क्रमाने करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'स्कॅन ऑप्शन्स'खाली मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी आहे, ती चालवा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेले नियोजित काम आड येत नाही. अँटिव्हायरसची पाने न उघडण्याचे कारण बहुधा 'होस्ट्स' ही फाईल आहे. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या मार्गाने गेल्यास ती सापडते. या रॅन्समवेअरने तीत मदत मिळू शकणाऱ्या संकेतस्थळांची नावे घालून वाट अडवलेली असते. तपासणीत काहीही सापडेनासे झाल्यावर सर्व बिघडलेल्या फाईली, 'रीडमी' आणि 'पर्सनलआयडी' यांच्यासह, नव्या रिकाम्या डिस्कवर उतरवा. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर, दुसऱ्या संगणकावर करायची.

तिथे ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. 'फाईल'मधील 'इम्पोर्ट'खाली 'रॉ डेटा' निवडून बिघडलेली फाईल दाखवा आणि १६ बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४,१०० असे पर्याय भरा. सुरुवातीचे ४४ बाइट वगळायला सांगा, कारण वेव्हचे साधे शीर्ष तेवढे असते. सुरुवातीला क्षणभर कर्कश आवाज येईल, म्हणून हेडफोन कानाला लावण्याआधी आवाज कमी करून ठेवा. तो तुकडा कापून फाईल नव्या नावाने साठवा. आवाज चिमणीसारखा बारीक किंवा राक्षसासारखा जाड आला, तर नमुन्यांचा वेग अथवा स्टिरिओ-मोनोची निवड चुकली आहे असे समजावे. पुष्कळ फाईली असतील तर डिस्कट्यूनाचे 'मीडिया रिपेअर' हे मोफत साधन त्याच रेकॉर्डरवरची एक चांगली फाईल नमुना म्हणून घेऊन हेच काम एकगठ्ठा करते.

दमडी यांना एवढेच म्हणेन की किल्ली त्यांच्याकडे आहे हे खरे असले, तरी पैसे पोचल्यावर ती देतीलच याची हमी कोणीही देत नाही, आणि ताईंच्या ऐवजातला जो भाग अमूल्य आहे त्याला किल्लीची गरजच नाही.

खडीसाखर

विदाविहारी यांनी फाईलींचे नीट सांगितले आहे, पण माझ्या मते याहून तातडीची गोष्ट पासवर्ड ही आहे. डीजेव्हीयू बहुधा एकटे येत नाही. त्याच्यासोबत 'अझोरल्ट' किंवा 'व्हिडार' यांसारखी माहिती चोरणारी सॉफ्टवेअरे आल्याची उदाहरणे भरपूर आहेत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड ती फाईली कूटबद्ध होण्याआधीच उचलून पाठवून देतात, शिवाय आपण ज्या खात्यांत आधीच शिरलेले असतो त्यांची कुकीही, म्हणजे ब्राउझरमध्ये साठलेली प्रवेशाची खूणही, नेतात. ताई, फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून आजच्या आज ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड बदला, प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोरलेली कुकी कधी कधी त्यानंतरही चालते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवून ठेवा. बँकेच्या खात्यातून काही गेल्याचे दिसले तर मात्र क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करा.

आणखी एक सावधगिरी. यूट्यूबवर "डीजेव्हीयू डिक्रिप्टर" (फाईली सोडवणारे साधन) म्हणून जे दुवे मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. २०२० मध्ये अशाच एका खोट्या डिक्रिप्टरच्या पोटात 'झोरॅब' नावाचे दुसरे रॅन्समवेअर निघाले होते, आणि आधीच गांजलेल्या लोकांच्या फाईली त्याने दुसऱ्यांदा बंद केल्या. खरी साधने 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर मिळतात. युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांनी सुरक्षा कंपन्यांच्या साथीने ते २०१६ मध्ये सुरू केले आहे.

ओवीवाचक

पासवर्ड बदलले आणि तक्रारही नोंदवली. ऑडॅसिटीत पहिली फाईल उघडली, आणि ती अगदी सांगितल्याप्रमाणे क्षणभर खरखरून स्वच्छ वाजू लागली. जात्याची घरघर, मागे कोंबडा, सगळे जागच्या जागी आहे. तुम्हा सर्वांचे आभार कसे मानावे कळत नाही.

मात्र अलीकडच्या फाईलींपैकी बऱ्याच या रीतीने उघडल्या असता पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता सों-सों आवाज येतो. त्या पूर्णच कूटबद्ध झाल्या असतील का? दुसरे, वर्डच्या फाईली आणि छायाचित्रे यांचे काय करावे?

विदाविहारी

पूर्ण कूटबद्ध झाल्याची शक्यता कमी वाटते. त्या फाईलींचा आकार पाहा. अर्ध्या तासाची फाईल ३०० ऐवजी सुमारे ४५० एमबी भरत असेल, तर मधल्या काळात रेकॉर्डरची मांडणी बदलून २४ बिटांवर गेली आहे आणि आपण तिला १६ बिटांची समजून वाचतो आहोत.

वर्डच्या फाईलींबाबत खोटी आशा दाखवत नाही. त्या आज सुटणार नाहीत. बंद अवस्थेतच जपून ठेवा, कारण सर्व्हर पोलिसांच्या हाती लागून किल्ल्या बाहेर आल्याचे इतर रॅन्समवेअरच्या बाबतीत घडलेले आहे. तोवर त्यांच्या प्रती कुठे गेल्या असतील ते आठवा: टंकलेखकाला किंवा संपादकांना पाठवलेले ईमेल, व्हॉट्सॲपवरून धाडलेली कागदपत्रे. छायाचित्रे मोठी असल्याने वरची पट्टी सोडून उरलेला भाग काही वेळा परत मिळतो, पण त्याला कष्ट फार आहेत. त्याआधी कॅमेऱ्याचे आणि रेकॉर्डरचे कार्ड वापरणे थांबवा. कार्डावरून पुसलेल्या फाईली, त्यांवर नवे काही लिहिले गेले नसेल तर, 'फोटोरेक' या मोफत साधनाने पुष्कळदा जशाच्या तशा निघतात.

ओवीवाचक

आकार ४५४ एमबी आहे. २४ बिटांचा पर्याय निवडल्यावर आवाज आला, पण तो कमालीचा चिरका आणि फाटका येतो आहे. मागे कोणीतरी गाते आहे एवढेच कळते.

विदाविहारी

मग शीर्ष ४४ बाइटांहून मोठे आहे. काही रेकॉर्डर तारीख-वेळ वगैरे नोंदी शीर्षात घालतात, त्यामुळे वाचन चुकीच्या बाइटापासून सुरू होते आणि तीन-तीन बाइटांचा प्रत्येक नमुना मधोमध तुटतो. ४४ च्या जागी ४५ घालून पाहा, नाही तर ४६. या तिघांपैकी एकावर आवाज स्वच्छ होईलच. डावे-उजवे उलटे झाले असल्यास आणखी तीन मिळवा. एकदा आकडा सापडला की त्या रेकॉर्डरच्या त्याच मांडणीतल्या बाकीच्या फाईलींनाही बहुधा तोच लागू पडेल.

सगळे उतरवून झाले, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या आणि त्यांतली एक घराबाहेर ठेवली, की मगच जुना संगणक फॉरमॅट करा. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत, तेव्हा तो संगणक पेलत असेल तर ११ बसवा.

ओवीवाचक

४६ वर स्वच्छ आले.