जुन्या कार्टूनचे हाताने रंगवलेले सेल: जमवावेत का, आणि उडालेला रंग पुन्हा भरावा का?

धागा मांडणारे (रावपुरा, वडोदरा)

गेल्या रविवारी कपाटातून एक सेल बाहेर काढला, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूच्या निळ्या रंगाचा बाजरीच्या दाण्याएवढा पापुद्रा सुटून खालच्या कागदावर पडलेला दिसला. एका जाणकाराने तेवढा भाग नव्या रंगाने भरून देण्याची तयारी दाखवली आहे. मला ते पटत नाही. घरच्यांचे म्हणणे त्याच्याही पुढचे, की असल्या वस्तूंवर यापुढे पैसे घालूच नयेत. म्हणून दोन्ही प्रश्न इथे मांडतो.

ज्यांनी सेल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणक येण्यापूर्वी कार्टूनमधली हलणारी पात्रे पारदर्शक तावांवर काढली जात; असा एकेक ताव म्हणजे सेल. समोरून रेघा, मागून रंग, आणि खाली कागदावर रंगवलेली पार्श्वभूमी. अर्ल हर्ड यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी १९१४ साली अर्ज केला होता. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात, म्हणजे एखादे पात्र सात मिनिटे सतत पडद्यावर असेल तर त्या एका पात्राचीच पाच हजारांहून अधिक चित्रे होतात.

माझ्याकडचा हा सेल एका जुन्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतला आहे. समोरून पाहिला तर सपाट, गुळगुळीत, छापल्यासारखा दिसतो. उलटा केला की सगळे बदलते. रंगाचा थर बोटाला जाणवेल इतका जाड आहे, दोन रंग जिथे भिडतात तिथे एकाची कड दुसऱ्यावर चढलेली आहे, आणि कानाजवळ कुंचला जरासा रेघेबाहेर गेल्यावर कशाने तरी खरवडून ती चूक काढल्याचे बारीक ओरखडे आहेत. खालच्या कडेला मधे एक गोल भोक आणि दोन्ही बाजूंना दोन लांबट भोके आहेत. खुंट्यांवर ताव बसवून प्रत्येक चित्र नेमक्या जागी यावे म्हणून ती असतात. कोपऱ्यात चित्राचा क्रमांक आहे.

ते ओरखडे पाहिले की मला त्या रंगवणाऱ्या बाईंची आठवण येते, जिचे नावही मला ठाऊक नाही. बाई म्हणतो ते अंदाजाने नव्हे. डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात शाई-रंग विभागात प्रामुख्याने स्त्रियाच काम करत. एकावर एक ताव ठेवले की खालच्या तावाचा रंग किंचित मंद दिसतो, म्हणून सदरा एकच असला तरी तो कितव्या थरात येणार हे पाहून रंगाची छटा बदलावी लागे. हे काम यांत्रिक होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून असे सेल जमवावेत, आणि जसे आहेत तसेच ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (निवृत्त चित्रकला शिक्षिका, दांडिया बाजार)

आपली तळमळ समजते, पण मुळातच माझा विरोध आहे. पात्राची ढब, त्याची चाल, त्याच्या डोळ्यांतला खट्याळपणा हे सारे ठरते ते ॲनिमेटरच्या पेन्सिलीने, कागदावर. सेल ही त्या चित्राची स्वच्छ प्रत. आपण वडोदऱ्याचे लोक आहोत, तेव्हा उदाहरण घरचेच देते. माझ्या आजोळी देवघरात रवि वर्म्यांच्या लक्ष्मीचे छापील चित्र होते आणि आजी त्याला रोज हळदकुंकू लावत असे. त्या चित्रावर आमचा जीव होता. पण फत्तेसिंगराव संग्रहालयात जाऊन मूळ तैलचित्रांसमोर उभे राहिल्यावर हात आणि छाप यांतला फरक मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. संग्रह करायचाच तर पेन्सिलीच्या रेखाटनांचा करा.

शिवाय, १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून डिस्नेने रेघादेखील छायाप्रतीच्या यंत्राने सेलवर उतरवायला सुरुवात केली. आपला सेल त्यानंतरचा असावा. म्हणजे रेघही हाताची नाही.

धागा मांडणारे

बाई, रेघ यंत्राची आहे हे खरे आहे आणि ते मी आधीच सांगायला हवे होते. पण तुमचा दाखला इथे लागू पडत नाही. रवि वर्म्यांच्या छापखान्यात त्याच त्या शिळांवरून एकसारख्या कितीतरी प्रती निघत. सेलची दुसरी प्रत नसते. पुढच्या क्रमांकाच्या सेलवर हात जरासा वर गेलेला असतो, पापणी मिटत आलेली असते. तो पुन्हा कोणीतरी कुंचला हातात घेऊनच रंगवलेला असतो.

छापील आणि हाताने केलेले यांतला फरक मी पैसे मोजून शिकलो आहे. माझी पहिली खरेदी ‘मूळ सेल’ म्हणून झाली होती. प्रमाणपत्र होते, सोनेरी चौकट होती. दोन वर्षांनी चौकट उघडली तेव्हा खाली खुंट्यांची भोके नव्हती, क्रमांक नव्हता आणि मागचा रंग जाळीतून छापल्यासारखा सर्वत्र एका जाडीचा होता. चित्रीकरणासाठी तो कधी वापरलाच गेला नव्हता. विक्रीसाठीच छापला होता. विक्रेत्याने नंतर फोनही उचलला नाही. तुम्ही म्हणता तो हात आणि छाप यांतला फरक सेलच्या जगातही आहे, आणि माझ्या हातातला सेल त्या रेषेच्या अलीकडचा आहे.

प्रतिसाद २ (रसायन प्रयोगशाळेत नोकरी, मकरपुरा)

काका, कलेबद्दल मी बोलत नाही, पदार्थाबद्दल बोलतो. सुरुवातीचे सेल सेल्युलोज नायट्रेटचे, म्हणजे चटकन पेट घेणारे. नंतरचे सेल्युलोज ॲसिटेटचे. ॲसिटेटचे उष्णतेत आणि दमटपणात हळूहळू विघटन होते व त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, म्हणजेच व्हिनेगरमध्ये असते तेच. हे आम्ल बाहेर पडले नाही तर पुढची झीज आणखी वेगाने होते. ताव आक्रसतो, लाटांसारखा वाकतो, पण वरचा रंग त्याच्याबरोबर तितका वाकत नाही, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. अशा गावात, घरातल्या लोखंडी कपाटात सेल ठेवणे याला मी जतन म्हणणार नाही. एका माणसाच्या आनंदासाठी ती वस्तू आपण लवकर संपवत आहोत. ज्यांच्याकडे थंड आणि कोरडी खोली आहे अशा संस्थांकडेच हे सेल असावेत.

एकदा कपाट उघडून वास घेऊन पाहा. आंबट वास येत असेल तर तो सेल इतरांपासून आजच वेगळा करा.

प्रतिसाद ३ (मांजलपूर)

माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. रंग जरूर भरून घ्यावा. सेल डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी असतो. चेहऱ्यावर भोक पडलेले पात्र भिंतीवर कोण लावील? रंगवणारीने तो पूर्ण रंगवला होता, तेव्हा तो पूर्ण दिसावा हाच तिचा मान आहे.

धागा मांडणारे

प्रतिसाद तीनमधला शेवटचा मुद्दा मला टोचला, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. नवा रंग भरला की त्या जागी तिचा हात उरत नाही, तिथे माझा किंवा त्या जाणकाराचा हात येतो, आणि पुढे हा सेल ज्याच्याकडे जाईल त्याला कोणाचा हात कुठे संपला हे कळणार नाही. आपल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे पाहताना जिथे रंग गेला आहे तिथे तो गेलेलाच मला बरा वाटतो, कारण जे उरले आहे त्यावर विश्वास ठेवता येतो. सुटलेला मूळ रंग दमटपणा मोजून-मापून वाढवत परत चिकटवता येईल का, यावर अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेने डिस्नेच्या संग्रहाबरोबर काम केले आहे. तसे काही करता येत असेल तर मी थांबायला तयार आहे. पापुद्रा मी आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून, त्यावर तारीख आणि सेलचा क्रमांक लिहून ठेवला आहे.

आता संस्थांबद्दल. त्यांच्याकडे हे असावे याला कोण नाही म्हणेल? पण सुरुवातीच्या काळात स्टुडिओ स्वतःच सेल धुऊन पुन्हा वापरत, कारण ताव महाग होते. १९३८पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए गॅलरीने डिस्नेचे सेल विकायला घेतले, आणि १९५५मध्ये डिस्नेलँड सुरू झाल्यावर तिथल्या दुकानात ते किरकोळ किमतीला मिळत. लोकांनी हौसेने विकत घेऊन घरी नेले म्हणून त्यातले कित्येक आज दिसतात. (त्या गॅलरीत पुष्कळदा पात्र कडेने कापून नव्या पार्श्वभूमीवर चिकटवले जाई, हेही सांगितले पाहिजे; तेव्हाच्या हौसेने नुकसानही केले.) आपल्याकडे केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली सुरू झाला आणि डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथल्या चित्रकारांना शिकवले. त्या काळातला एखादा सेल कोणाच्या घरी जुन्या फायलीत असेल, तर तो रद्दीत जाऊ नये एवढ्यासाठी तरी जमवणारे लोक हवेत.

कपाटाबद्दल मात्र प्रयोगशाळेतल्या दादांचे म्हणणे मी निमूट मान्य करतो. वास घेतला. सहापैकी एकाला आंबट वास येतो, आणि तो हाच, निळ्या रंगाचा. प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या मी आजच काढून टाकल्या.

प्रतिसाद १ (निवृत्त चित्रकला शिक्षिका)

माझे मत बदललेले नाही. पेन्सिल आधी, सेल नंतर. पण कानाजवळच्या त्या ओरखड्यांबद्दल आपण लिहिलेत ते दुपारपासून डोक्यात आहे. चाळीस वर्षे मुलींच्या वह्यांत रेघेबाहेर गेलेला रंग मी खोडायला सांगितला. आंबट वासाचा सेल फार हलवू नका. मी गुरुवारी संध्याकाळी रावपुऱ्यात येणार आहे, तेव्हा तो उलटा करून एकदा दाखवा.