अनुभव धागा: ‘साहेबांनी बोलावलंय’ – मग तुम्ही काय केलंत?

ठाणे-नवी मुंबईकरांनो, मोर्चा अडवला, नोटीस आली, पोस्ट काढायला लावली, माहिती दाबली, असं काही तुमच्या किंवा घरच्यांच्या वाट्याला आलं असेल तर इथे लिहा. पक्षाचं कौतुक नको. काय झालं आणि तुम्ही काय केलंत, तेवढंच. चौकीचं, अधिकाऱ्याचं नाव टाळा.

सुरुवात मी करते. कचऱ्याच्या प्रश्नावर आमच्या कळव्यात मोर्चा ठरला होता. आदल्या रात्री हवालदार दारात, हातात १४९ची नोटीस. (नव्या कायद्यात ते कलम १६८ झालंय, पण सगळे अजून एकशे एकोणपन्नासच म्हणतात.) सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला! वकील मैत्रीण फोनवर म्हणाली, “ही अटक नाही, ताकीद आहे. सहीखाली तारीख-वेळ टाक आणि प्रत मागून घे.” मोर्चा निघाला. ज्यांना ज्यांना नोटीस आली होती, ते तिची झेरॉक्स गळ्यात अडकवून पुढे चालले.

नौपाडेकर
वडील शाळामास्तर. आणीबाणीत मिसाखाली (खटल्याविना कोठडीत ठेवण्याचा कायदा) उचलले, नाशिक रोडला ठेवले. पत्रं यायची ती काळ्या शाईनं ओळी पुसलेली. ‘पुसलंय म्हणजे कुणीतरी वाचलंय,’ एवढंच आई म्हणायची. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. (१९७८च्या ४४व्या दुरुस्तीनंतर जगण्याचा हक्क असा गुंडाळून ठेवता येत नाही.) शेजारची बिऱ्हाडं बोलेनाशी झाली, वाण्यानं मात्र उधारी कधी थांबवली नाही. सत्कार मिसाबंद्यांचे झाले, त्या वाण्याला कुणी विचारलं नाही. १९७७ला ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी निवडून आले, त्या रात्री आईनं त्याच्याच दुकानातून पेढ्यांसाठी साखर आणली, तीही उधार.

उरणची लेक, हल्ली मु. नेरूळ
माझं जरा लांबेल. १९७०मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. शेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, सगळंच त्यात. भाव कोण ठरवणार, यावर दिबांनी, म्हणजे शेकापचे नेते दि. बा. पाटील यांनी, लोक उभे केले. फोन नव्हते. देवळात बैठक, गावकीचा निरोप, घरटी एक बाई न् एक गडी. १६ जानेवारी १९८४ला आई आंदोलनात, उरणजवळच्या जासईला होती. “बाया फुडं, गडी मागं,” ती सांगते. बाया पुढे असल्या की लाठी उचलणार नाहीत, असा हिशोब. गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच माणसं गेली. नंतर धरपकडीच्या भीतीनं बाबा रात्री मिठागराच्या बांधावर झोपायचे, आई अंधारात भाकरी पोचवायची. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली. आज त्या भूखंडांवर टॉवर आहेत. त्यात फ्लॅट घेणाऱ्या किती जणांना जासई ठाऊक असेल, देव जाणे.

२४ जून २०२१ला विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून लोक बेलापूरला जमले, तेव्हाही आई गेली. मी अडवत होते, करोना होता. मास्क लावला आणि निघाली.

पूर्वी होस्टेलवाली
नोव्हेंबर २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या मुंबई बंदवर एकीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाइक केलं, दोघींना अटक. गप्प मात्र आमचं अख्खं होस्टेल बसलं. मार्च २०१५मध्ये ऑनलाइन लिहिण्यावरून अटक करता येणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. मी परत लिहायला लागले त्यालाही बरीच वर्षं गेली.

घोडबंदर रोड
मोर्च्यांमुळे रुग्णवाहिका अडकते, त्याचं काय?

उरणची लेक
दादा, घोडबंदरला ती रोजच अडकते.

खारघर
तळोजा कारागृह घरापासून लांब नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात तिथे ठेवलेले वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी, त्यांना पार्किन्सन्समुळे (हात थरथरण्याचा आजार) पेला धरता येत नव्हता. सिपरसाठी (नळीचा पेला) कोर्टात अर्ज करावा लागला. अनेकांनी तेव्हा तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर पाठवले, मीही. पोचला का, कळलं नाही. ५ जुलै २०२१ला, जामिनाची वाट बघत, ते गेले.

ऐरोली
कामाचं सांगतो. परवानगी नाकारली तर लेखी कारण मागा. तोंडी ‘वरून आदेश’ ऐकून घेऊ नका. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही, कलम ६(२). आमचा अर्ज गेल्यावर परवानगी मिळाली, माहिती मात्र नाही.

धागाकर्ती
पहिलं अपील केलंत का?

ऐरोली
केलंय. सोमवारी सुनावणी आहे, अकरा वाजता. सोबत बसायला कुणी येणार असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.