मदत हवी आहे: पाण्याने मऊ झालेली फिल्म वाळल्यावर पुन्हा ताठ होत नाही

समुद्रकाकडी या सागरी प्राण्याची कातडी गरजेप्रमाणे ताठ किंवा मऊ होते. त्यावरून सुचलेलं, पाण्यात मऊ पडणारं कंपोझिट (मिश्र पदार्थ) करतोय: पॉलिव्हिनाइल ॲसिटेटमध्ये (पांढऱ्या गोंदातला पॉलिमर) कापसापासून काढलेले सेल्युलोज नॅनोक्रिस्टल (अतिसूक्ष्म ताठ काड्या), वजनाने १५ टक्के. डीएमएफ या द्रावकात मिसळून साच्यात ओतलं, वाळवलं, मग गरम दाबयंत्रात दाबलं. २००८ साली अमेरिकेतल्या गटाने अशाच पदार्थाचा ताठपणा ४२०० मेगापास्कलवरून १.६ वर आणला होता. तेवढी अपेक्षा नाही. त्यांचे क्रिस्टल ट्युनिकेट या समुद्री प्राण्यांपासून काढलेले, बरेच लांब.

३७ अंशांच्या पाण्यात पट्टी छान मऊ पडते, बोटाभोवती गुंडाळता येते. अडचण पुढे आहे. वाळवल्यावर ताठपणा जेमतेम निम्मा परत येतो आणि पट्टीवर दुधाळ ठिपके राहतात. साधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेटची पट्टी मात्र पूर्ववत होते, म्हणून संशय क्रिस्टल एकमेकांना जोडून जे ताठपणा देणारं जाळं करतात, त्यावरच आहे.

व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांवर दोन दिवस ठेवून पाहिलं. वजन मूळ आकड्यावर आलं, म्हणजे पाणी उरलेलं नाही. क्रिस्टल १० टक्क्यांवर आणले, तरी तेच. आमच्याकडे फक्त ताण-चाचणीचं यंत्र आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही.

ओल्या अवस्थेत क्रिस्टल एकमेकांना चिकटून गुठळ्या होत असतील, की पॉलिमरमध्ये सूक्ष्म पोकळ्या पडत असतील? आणि पट्टी पुन्हा गरम दाबली, तर यातलं नेमकं कोणतं कारण आहे हे कळेल का?