अनुभव धागा: तुमच्या शेतावर ऋतूंचे वेळापत्रक कसे बदलले?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीच्या इतके टक्के पाऊस झाला, एवढे वाचले की हंगाम बरा गेला असे शेतापासून दूर राहणाऱ्याला वाटते. ज्याची जमीन दोन-तीन एकर आहे, त्याचे वर्ष मात्र तो पाऊस कोणत्या आठवड्यात पडला, पेरणीनंतर खंड केव्हा पडला आणि काढणीला आभाळ उघडले की नाही, यावर ठरते. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तर २०२५ मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, जिथे त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. हवामान विभागाने २०२० मध्ये या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून मॉन्सून माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर आली. बांधावर रोज जाणाऱ्यांना हे आधीपासूनच जाणवत होते, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच हा धागा काढत आहे.

विनंती अशी की बातम्या लिहू नयेत, स्वतःच्या शेतात पाहिलेले लिहावे. जिल्हा, जमिनीचा प्रकार आणि पीक यांचा उल्लेख असावा. दव, वाऱ्याची दिशा, झाडांचा फुलोरा, पक्ष्यांचे ओरडणे, काहीही चालेल. ‘पूर्वी असे नव्हते’ एवढ्यावर मात्र थांबू नये, पूर्वी कसे होते तेही सांगावे.

रत्नागिरी जिल्हा, भात

आमची शेती म्हणजे उतारावरची काही खाचरे आणि खाली ओढ्यालगतची पाणथळ जमीन. वरच्या खाचरांत पाणी टिकत नाही म्हणून तिथे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात आणि खाली गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, ही वाटणी आजोबांच्याही आधीपासूनची आहे. हळवे भात सप्टेंबरअखेरीला कापणीला येई, कारण तोवर पाऊस ओसरलेला असे. कापलेल्या भाताच्या मुठी (कडपे) पसरून एक-दोन दिवस शेतातच वाळवायचे आणि मग बांधून खळ्यावर न्यायचे, असा शिरस्ता होता.

आता नेमका हाच काळ बिघडला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी कडक ऊन पडते, दुपारी तीननंतर पूर्वेकडून ढग चढतात आणि गडगडाटासह तासभर असा पाऊस होतो की कडपे पाण्यावर तरंगतात. दुसऱ्या दिवशी लोंबी हातात घेऊन उलटी केली तर दाण्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा पांढरा मोड दिसतो. असे भात भरडले की तुकडा फार पडतो आणि पेंढाही काळा पडल्यामुळे गुरे तोंड लावत नाहीत.

यावर उपाय म्हणून वरच्या खाचरांतही आम्ही निमगरव्या, म्हणजे मधल्या मुदतीच्या जाती घेऊ लागलो, म्हणजे कापणी पंधरा-वीस दिवस पुढे जाते. पण ज्या वर्षी पाऊस वेळेवर थांबतो, त्या वर्षी हीच खाचरे दाणा भरण्याच्या वेळी कोरडी पडतात. शिवाय कापणी लांबली की भातानंतरच्या ओलीवर कुळीथ पेरायला मुदत उरत नाही. परतीच्या पावसाची किंमत अशी कुळीथ गमावून मोजावी लागते.

आंब्याबद्दल इतर बागायतदार लिहितीलच, म्हणून एकच गोष्ट सांगतो. डिसेंबरात मोहोर येऊन कणी (बारीक फळे) धरल्यावर जानेवारीत पुन्हा थंडी वाढली की त्याच फांद्यांवर दुसऱ्यांदा मोहोर फुटतो आणि झाडाचे बळ नव्या मोहोराकडे वळून आधीची फळे गळतात. या पुनर्मोहोराचा त्रास आमच्याकडे पूर्वी एखाद्या वर्षी होई, आता त्याचे नवल वाटत नाही.

अमरावती जिल्हा, संत्रा

कोकणातल्या दादांना काढणीचा पाऊस छळतो, आम्हाला मे महिन्यातला. संत्र्याचे आमच्याकडे दोन बहार घेतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृग बहाराची जून-जुलैत. उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी म्हणून लहान शेतकरी मृग बहाराकडे वळतो, कारण त्या वेळी झाडाला पाणी तोडून ताणच द्यायचा असतो. पाने फिकी पडतात, दुपारी मलूल होऊन किंचित वळतात, झाडाची वाढ थांबते आणि फांदीत अन्नसाठा होतो. अशा तापलेल्या झाडावर मृगाचा पाऊस पडला की काही आठवड्यांत बाग फुलांनी भरते.

या साऱ्या पद्धतीचा पाया म्हणजे कोरडा, रखरखीत मे. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर असते, त्यामुळे तिथे हलक्या जमिनीपेक्षा जास्त दिवस पाणी तोडावे लागते. त्या दिवसांत एक चांगला अवकाळी पाऊस झाला की ताण तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी करायला हंगामात जागा नसते. २०२५ च्या मे महिन्यात आमच्याकडे हेच घडले. झाडांनी फुलांऐवजी लुसलुशीत नवती (नवी पालवी) काढली. बाग हिरवीगार दिसत होती आणि रस्त्याने जाणारा माणूस थांबून कौतुक करत होता, त्याला काय सांगणार?

आंबिया बहाराकडे वळावे, असा सल्ला सगळे देतात. तो बहार घेतला तर फेब्रुवारी-मार्चची गारपीट, एप्रिल-मेच्या उन्हातली गळ आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत देठाजवळ बुरशी येऊन होणारी गळ, अशा तीन वेशी ओलांडाव्या लागतात. मी निम्म्या झाडांवर एक आणि निम्म्यांवर दुसरा बहार घेतो. त्यामुळे मजुरी वाढते, पण पूर्ण बाग रिकामी राहत नाही.

यवतमाळ जिल्हा, कोरडवाहू कपाशी

पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, अशी समजूत आहे. तो त्याच्या विणीच्या काळात ओरडतो आणि ढगाळ हवेत जास्त ओरडतो, एवढेच माझे निरीक्षण आहे. २०२५ च्या मे-अखेरीस पाऊसही पडत होता आणि पावशाही ओरडत होता, म्हणून शिवारात अनेकांनी कपाशी टोबली. त्यानंतर मॉन्सून जूनच्या मध्यापर्यंत अडकून बसला. ज्यांच्याकडे ओलिताची सोय होती त्यांची रोपे तगली, बाकीच्यांना दुबार बियाणे आणावे लागले. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला आहे आणि तो माझ्या मते रास्त आहे, फक्त शेजारची तिफण चालू असताना तो पाळणे कठीण जाते.

धागाकर्त्याकडून

वरच्या अनुभवांत मृग, पावशा असे जुने संकेत आले आहेत. नक्षत्रांवर भरवसा ठेवून कोणी आजही पेरणी ठरवतात का, हे जाणून घ्यायला आवडेल.

सातारा जिल्हा, खरीप ज्वारी आणि घेवडा

मी ठरवतो, पण त्यात थोडा खुलासा हवा. पंचांगातले पावसाचे नक्षत्र म्हणजे सूर्याने त्या नक्षत्रात प्रवेश केल्यापासूनचे तेरा-चौदा दिवस. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. ती शेतकऱ्याची दिनदर्शिका आहे, पावसाचे आश्वासन नव्हे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, हस्ताचा तो हत्ती, ही नावे वर्षानुवर्षांच्या पाहणीतून पडली असावीत. पंचांगात दिलेल्या वाहनावरून, म्हणजे बेडूक की म्हैस की कोल्हा यावरून, पाऊस किती पडेल हे सांगण्याचा प्रकार मात्र मला कधीच पटला नाही.

नक्षत्रे पुढे सरकली म्हणून मेळ बसत नाही, असेही काही जण म्हणतात. ते खरे धरले तरी सूर्याचा नक्षत्रप्रवेश साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत इंग्रजी तारखेच्या हिशेबाने एका दिवसाने पुढे जातो. आजोबांच्या काळापासून आजपर्यंतचा फरक त्यामुळे एक-दीड दिवसाच्या वर नाही. माझ्या शेतावर मृगाचा पाऊस ज्या अंतराने मागेपुढे होतो, त्याचे कारण सूर्याच्या गतीत शोधण्यात अर्थ नाही.

मला जाणवलेला बदल पावसाच्या जातीचा आहे. पुनर्वसू-पुष्याची झड म्हणजे चार-चार दिवस वारा नाही, वीज नाही, नुसती बारीक संततधार. ती जमिनीत मुरे आणि श्रावणात बांधाच्या पोटातून उपळ (झरे) फुटत. आता तेवढेच पाणी दोन तासांत पडते, ताल (शेताचे बांध) फोडून ओढ्याला जाते आणि पुढचे दहा दिवस ऊन पडते. घेवडा अशा पावसात उभ्या जागी पिवळा पडतो.

सोलापूर जिल्हा, रब्बी ज्वारी

आमच्याकडे खरीप नावापुरता असतो. उत्तरा-हस्ताच्या पावसावर जमिनीत ओल साठवायची आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी काढायची, ही इथली शेती. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी व्हावी लागते. फार लवकर पेरले तर खोडमाशी पोंगा (रोपाचा मधला कोवळा शेंडा) मारते, उशिरा पेरले तर कणसात दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा नदीकाठच्या लोकांचे जे झाले ते सर्वांनी पाहिले. आमची जमीन नदीपासून दूर, उंचावर आहे, तरी तिला पेरणीजोगा वाफसा, म्हणजे औत चालेल इतकी बेताची ओल, येईना. वरून पापुद्रा धरलेला दिसे, पण औत घातले की फण मातीने माखून निघे आणि चाकाला ढेकूळ चिकटून गाडी जागीच थांबे. अशा ओल्या रानात घाईने कुळव घातला तर पुढे जानेवारीत तिथेच रुंद भेगा पडतात आणि ज्वारीच्या मुळ्या तुटतात, हे माहीत असल्याने आम्ही थांबलो. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात पाणी जास्त झाले म्हणून पेरणी लांबवावी लागते, हे सांगताना माझ्या वडिलांना अजूनही संकोच वाटतो.

थंडीबद्दलही थोडे लिहिते. पौषात पहाटे ज्वारीची पाने दवाने भिजलेली असत, बांधावरून चालले तर लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होई, असे सासूबाई सांगतात. अलीकडे त्याच दिवसांत मधूनच ढगाळ हवा येते, मावा वाढतो आणि पानांवर चिकटा पडतो. चिकट्याचा कडबा विकला जात नाही, घरच्याच जनावरांपुढे टाकावा लागतो.

नाशिक जिल्हा, निफाड तालुका, द्राक्षे

आमच्या बागेचे वर्ष दोन छाटण्यांवर चालते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्याच्या, म्हणजे कोवळ्या फुटीच्या अवस्थेत पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि कोवळे घड जिरतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस या भागातले कोणी विसरलेले नाही. तेव्हापासून मी सर्व बागेची छाटणी एकदम करत नाही.

थंडीचा अनुभव वेगळा आहे. निफाडचा पारा पाच अंशांखाली जाणे इथे नवे नाही. अशा पहाटे बागेत शेकोट्या करून धूर धरतात आणि ठिबकने पाणी देतात, जेणेकरून मुळांजवळचे तापमान फार उतरू नये. नवीन गोष्ट अशी की थंडी सलग राहत नाही. तीन रात्री कडाका, मग आठवडाभर ढग आणि उकाडा, मग पुन्हा कडाका. थंडीत मण्याची फुगवण थांबते, उकाड्यात भुरी ही बुरशी येते आणि पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या मण्याला असा चढउतार सोसत नाही, तो तडकतो. नुसत्या कडाक्याच्या वर्षी नुकसान कमी झालेले मी पाहिले आहे.

अहिल्यानगर जिल्हा, उन्हाळ कांदा

थोडक्यात लिहिते. कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर मांडवात) भरताना पूर्वी मे महिन्यात वारा कोरडा असे आणि पात पूर्ण सुकून मान बारीक होई. मे ढगाळ आणि दमट गेला की मान ओली राहते आणि तिथूनच सड सुरू होते. वरून कांदा चांगला दिसतो, वास आल्यावर कळते. आता आम्ही चाळीतला थर कमी उंचीचा ठेवतो.

जालना जिल्हा, सोयाबीन आणि तूर

सर्वांना एक सुचवावेसे वाटते. शेतावर स्वतःचा पर्जन्यमापक ठेवावा. नुकसानीच्या निकषात महसूल मंडळातला चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा आकडा महत्त्वाचा असतो, पण मंडळात गावे पुष्कळ असतात आणि ढगफुटीसारखा पाऊस ओढ्याच्या एका काठावर पडून दुसऱ्या काठावर शिंतोडेही उडत नाहीत. मापक महाग नसतो. तो झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर बसवावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचावा, म्हणजे सरकारी नोंदींशी तुलना करता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे ध्यानात ठेवले की विहिरीचा आणि शेततळ्याचा हिशेब मांडता येतो.

मी वहीत पावसाच्या आकड्यासमोर आणखी दोन रकाने ठेवले आहेत. पाऊस किती वेळात पडला हा एक आणि त्यानंतर वाफसा कधी आला हा दुसरा. रात्रभर पडलेल्या वीस मिलिमीटरनंतर तिसऱ्या दिवशी कोळपे चालते. तेच वीस अर्ध्या तासात पडले तर वरून माती बसून कडक पपडी धरते, सोयाबीनचा कोंब तिच्याखाली वाकून राहतो आणि पपडी फोडायला हलके कोळपे दुसऱ्याच दिवशी काढावे लागते.