पर्समधला छोटा चाकू: गुन्हा आहे का, आणि असावा का?

कर्जत_लोकल
बहीण परिचारिका आहे. दुसरी पाळी संपवून रात्रीच्या शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडते आणि स्टेशनपासून बराच रस्ता अंधारात एकटी चालते. तिला पर्समध्ये घडीचा चाकू ठेवायचाय. म्हणून कायदा वाचायला घेतला आणि डोकं तापलं.

"सहा इंचांपर्यंत चालतं" असं जो तो सांगतो, पण शस्त्र नियम २०१६ मध्ये सहा इंच नाहीतच. पहिल्या अनुसूचीच्या पाचव्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीची, कारखान्यातली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे तीन इंची चाकूला परवाना लागत नाही.

पण मग येतं महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७(१). पोलीस आयुक्तांनी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आदेश काढला की तेवढे दिवस सुरे, काठ्या, लाठ्या, इतकंच काय, मारहाणीसाठी वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी. इथे इंच मोजत नाहीत. मोडलं तर कलम १३५ खाली वर्षभरापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी वेगळं कारण नोंदवलं नाही तर किमान चार महिने. सण, निवडणुका, मोर्चे असले की एका आदेशाची मुदत संपते न संपते तोच दुसरा निघतो. तिच्या पर्समधली वस्तू तीच, परवा चालत होती आणि आज गुन्हा!

मागे एकही गुन्हा नसलेल्या माणसाच्या खिशातला छोटा चाकू या आदेशांतून वगळावा, असं माझं ठाम मत आहे.

फौजदारी_बाजू
पूर्ण विरोध. मी दंडाधिकारी न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभा राहतो, तरीही विरोध.

पोलिसांच्या बातम्यांत 'आर्म अॅक्ट ४(२५) सह मपोका ३७(१), १३५' (म्हणजे शस्त्र कायद्याची कलमं ४ आणि २५, सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याची तुम्ही सांगितलेली दोन कलमं) हे जोडीने का येतं? कारण मध्यरात्री चौकात आठ इंची सुरा घेऊन फिरणारा पोरगा नऊ इंचांच्या नियमात बसत नाही. त्याने कुणाला भोसकायच्या आधी त्याला अडवायला हातात उरतं ते हेच कलम ३७(१). 'मागे गुन्हा नसलेला' ही अटही टिकणारी नाही. पुण्यातल्या कोयत्याच्या प्रकरणांत कितीतरी मुलं अल्पवयीन होती, त्यांच्या नावावर आधी काय असणार?

स्वसंरक्षणाचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचा (१ जुलै २०२४ पूर्वी हीच दंड संहितेत ९६ ते १०६ होती). बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला यांच्या प्रयत्नात हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ पाठीशी उभं राहतं. दर्शन सिंग खटल्यात (२०१०) शेताच्या भांडणात बापाच्या डोक्यात गंडासा (लांब दांड्याचं धारदार हत्यार) घालणाऱ्यावर मुलाने बंदूक चालवली होती. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या त्या मुलाला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. जिवावर बेतेल अशी रास्त भीती पुरेशी आहे, आणि त्या क्षणी प्रतिकार तराजूत तोलून करायची अपेक्षा धरता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. हा हक्क हल्ला होताना मिळतो. हत्यार घेऊन फिरायचा परवाना तो देत नाही.

कर्जत_लोकल
हल्ला होताना हक्क मिळतो, पण तेव्हा तिच्या हातात काय असणार? हक्क वापरायला लागणारी वस्तू बाळगणं गुन्हा असेल तर तो हक्क तगड्या माणसापुरता उरतो.

दंगल_ताई
मी मुलींना स्वसंरक्षण शिकवते. कायदा बाजूला ठेवून सांगते, चाकू नको. तो वापरायला हल्लेखोर हाताच्या अंतरात यावा लागतो, आणि तिथे त्याची ताकद चालते. सराव नसलेल्या हातातून चाकू हिसकावला जातो हे वर्गात दरवेळी करून दाखवते (रबरी चाकूने), मुली गप्प होतात. मिरचीचा फवारा लांबून मारता येतो आणि पळायला वेळ मिळतो. मोठ्या आवाजाची शिट्टी, हातात टॉर्च. बसमधल्या सेफ्टी पिनेचं तर आमच्या आयांनाही शिकवावं लागलं नाही.

फौजदारी_बाजू
ताई, फवाऱ्याबद्दलही सावध करा. बंगळूरच्या एका जागेच्या वादात तो मारला गेला होता. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला धोकादायक हत्यार म्हटलं आणि जिवाला तत्काळ धोका दिसत नाही म्हणून गुन्हा रद्द करायला नकार दिला.

लेस्टरचा_मराठी
इंग्लंडमध्ये नियम लिखित आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, पातं अडकून न राहणारा घडीचा चाकू विनाकारणही खिशात चालतो. त्याहून मोठ्याला सबळ कारण लागतं, आणि 'स्वसंरक्षणासाठी' हे कारण धरतच नाहीत. मिरचीचा फवारा तर बंदुकांच्या कायद्यातच बंद केलाय. कडक आहे, पण बाराही महिने सारखा.

ऊसाचा_फड
वस्तूवर रोख ठेवला की भरडला जातो कामकरी माणूस. कोयता आमचं पोट आहे. पुण्यात कोयता विकताना आधार कार्ड मागायला लागले. तोडणीला निघालेल्या टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये कोयते नसतील तर काय असेल? हातातली वस्तू बघू नका, माणूस कुठे, कधी, कशाला निघालाय ते बघा.

सदाशिव_पेठी
२७ जून २०२३. आमच्या पेठेत भर सकाळी एकजण कोयता घेऊन तरुणीच्या मागे लागला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी रिकाम्या हातांनी त्याला अडवलं. चाकूपेक्षा अशी माणसं रस्त्यावर हवीत.

कर्जत_लोकल
त्या मुलांपुढे नतमस्तक आहे. पण ती भर सकाळची पेठ होती. बहिणीच्या रस्त्यावर त्या वेळी कुणीच नसतं.

ताईंचं पटलं, तिला आधी फवारा घेऊन देतो. कायद्याबद्दलचं मत मात्र कायम आहे. लेस्टरवाल्यांनी सांगितलेली तीन इंचांची रेघ आपल्याकडेही आखता येईल. वकीलसाहेब, तुमचा आठ इंची सुरेवाला तरीही सापडतोच की.

फौजदारी_बाजू
तीन इंचांचं पातंही मानेच्या शिरेपर्यंत पोचतं. शवविच्छेदनाचे अहवाल हाताळतो म्हणून सांगतोय. मी या रेघेला मान्यता देणार नाही. आदेश लागू आहे हे लोकांना कळायला हवं, यात मात्र तुमच्यासोबत आहे. प्रत्येक स्थानकाच्या फलाटावर तारखांसह तो मराठीत लावा, अशी मागणी करणारा अर्ज आयुक्तांकडे द्यायचा असेल तर मसुदा मी करून देतो.